येसरच्या पाकिटावर काय लिहायचं? घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी

मागच्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी येसरची, म्हणजे आमटीत घालायच्या भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पुडीची, चाळीस पाकिटं केली. गहू, हरभरा डाळ, धने, जिरे, मिरे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून, डंकावर कुटून, वस्त्रगाळ करून. पाव किलोच्या प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवलेलं, आत वहीच्या कागदाची चिठ्ठी: ‘येसर, 250’. पिशवी घेऊन त्या परभणीतल्या ओळखीच्या किराणा दुकानात गेल्या. दुकानदारानं पाकीट उघडून वास घेतला, मान डोलावली, मग पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. “माल एक नंबर आहे आत्या, पण यावर नंबरच नाही. मला ठेवता येत नाही.”

घरी येऊन आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. “चाळीस वर्षं झाली येसर करतेय पोरी. लेकीबाळीच्या लग्नात सगळ्या भावकीनं खाल्लं, कुणाचं पोट दुखलं नाही. आता कागदं मागायलेत.”

त्यांचं दुखणं मला कळत होतं. पण दुकानदाराचंही चुकलं नव्हतं. ज्याचा बनवणारा कोण ते सांगताच येत नाही असा पदार्थ विकला, तर अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम 27 नुसार त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. त्या चिठ्ठीवर ना नाव होतं, ना गाव. उद्या काही झालं असतं तर जाब त्यालाच द्यावा लागला असता.

तेव्हापासून मी हे नियम वाचत गेले. आमच्या बचत गटातल्या बायकांचे अर्ज भरून दिले, लेबलं तपासली, एकदोनदा चुकलेही. वाचताना एक गोष्ट लक्षात आली आणि मग सगळं सोपं झालं. भावकीला वाढताना आत्याबाई पंगतीत समोर असतात. कुणी विचारलं, ‘यात काय घातलंय?’ तर त्या सांगतात. कुणाला शेंगदाणा चालत नसेल तर त्याच्या ताटात ती चटणी पडू देत नाहीत. काल केलेलं की परवा केलेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तेच पाकीट लातूरच्या किंवा पुण्याच्या अनोळखी घरात उघडतं तेव्हा आत्याबाई तिथं नसतात. नोंदणी, लेबल, तारीख, बॅच नंबर (म्हणजे कुठल्या घाण्यातलं पाकीट, त्याचा नंबर) हे सगळं त्यांनी समोर बसून जे सांगितलं असतं, तेच सांगण्यासाठी आहे. या नजरेनं बघा, म्हणजे कुठला नियम कशासाठी आहे ते पाठ करावं लागत नाही.

आता नोंदणीकडे येऊ.

देशात खाण्याच्या पदार्थांसाठी मुख्य कायदा 2006 चा आहे आणि परवाना-नोंदणीची नियमावली 2011 ची. देशासाठी नियम करणारी दिल्लीतली संस्था म्हणजे एफएसएसएआय, भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण. आपल्या राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (अन्न) यांचं कार्यालय असतं आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी. ‘मी तर घरीच करते, मला कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. कायदा घर आणि कारखाना असा फरक करत नाही. पदार्थ विकला की तुम्ही अन्न व्यावसायिक. मात्र लहान माणसाला सूट दिलेली आहे. कलम 31 मध्ये स्पष्ट म्हटलंय की स्वतः पदार्थ बनवून विकणारा छोटा उत्पादक, फेरीवाला, हातगाडीवाला, कुटीरोद्योग यांना परवाना लागत नाही, फक्त नोंदणी लागते.

छोटा म्हणजे किती? 2011 च्या नियमावलीनं वर्षाची उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत आणि उत्पादन दिवसाला 100 किलो किंवा लिटरच्या आत, अशी रेघ मारली. दुधाचं काम असेल, म्हणजे खवा, पेढा, पनीर, तर दिवसाला 500 लिटरपर्यंत दूध. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. महिन्याला लाखभर रुपयांची विक्री म्हणजे वर्षाला 12 लाख. आमच्या गटातली एकही बाई अजून त्याच्या जवळपास गेलेली नाही. या नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून उलाढालीची रेघ, शुल्क आणि मुदत अर्ज भरायच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

अर्जही तिथंच भरायचा. नोंदणीचा अर्ज ‘फॉर्म ए’. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि स्वच्छता पाळण्याची हमी, एवढ्यावर काम होतं. शुल्क 2011 च्या नियमावलीप्रमाणे वर्षाला 100 रुपये. हे ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावावं असं मला वाटतं, कारण याच कामाचे दोन-तीन हजार घेणारे एजंट मी बघितलेत, आणि सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पानंही. ई-सेवा केंद्रात जाऊन भरलात तर त्याची सेवा म्हणून थोडे पैसे द्या, पण सरकारी शुल्काची पावती वेगळी मागा आणि लॉगिनचा मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. आमच्या एका मैत्रिणीच्या अर्जावर केंद्रचालकानं स्वतःचा नंबर टाकला. पुढं अर्जात त्रुटी निघाली, तो निरोप त्याच्या मोबाईलवर जाऊन पडला आणि हिला दीड महिना पत्ताच नाही.

अर्जात ‘व्यवसायाचा प्रकार’ निवडायचा असतो. इथं घाई करू नका. चटणी, पापड, कुरडया, लोणचं बनवून पाकिटात विकणं म्हणजे उत्पादन. रोजचा डबा देणं म्हणजे खाद्यसेवा. दोन्ही करत असाल तर दोन्ही नोंदवा. आणि लग्नाकार्याच्या जेवणाची ऑर्डर घेऊन केटरिंग करणार असाल तर ते वेगळंच प्रकरण आहे: नोंदणीच्या सवलतीतून केटररला नावानिशी वगळलेलं आहे, त्याला परवानाच लागतो. गावात एखादी बाई डबे देता देता बारशाचं, मग साखरपुड्याचं जेवण घ्यायला लागते आणि तिला कळतही नाही की ती रेघेपलीकडे गेली.

अर्ज दिल्यावर 7 दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस द्यायची, असं नियम सांगतो. तपासणी असेल तर निर्णय 30 दिवसांत. या मुदतीत काहीच उत्तर आलं नाही तर छोट्या व्यावसायिकाला काम सुरू करता येतं, हेही त्याच नियमात आहे. अर्ज भरल्याची पोचपावती म्हणूनच जपून ठेवायची. नोंदणी मिळाली की 14 आकडी क्रमांक येतो. तो 2 नं सुरू झाला तर नोंदणी, 1 नं सुरू झाला तर परवाना. दुसऱ्याचं पाकीट हातात आलं की मी आता आधी तेच बघते. प्रमाणपत्र स्वयंपाकघरात दिसेल असं लावायचं. आणि नोंदणी त्या जागेची असते. घर बदललं की पत्ता बदलून घ्या.

नोंदणी करताना ज्या हमीवर सही करतो, ती बायका वाचतच नाहीत. नियमावलीच्या परिशिष्ट 4 मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी स्वच्छतेच्या अटी आहेत. नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले, कापलं-भाजलं असेल तर जखम झाकलेली, संसर्गाचा आजार असलेल्यानं कामाला हात लावायचा नाही, कचऱ्याला झाकणाचा डबा, रॉकेल-फिनाईल-उंदराचं औषध अन्नापासून लांब. यातलं बहुतेक आपल्या आज्ज्या सांगतच होत्या. अवघड जाते ती एकच अट: पाणी पिण्यायोग्य असलं पाहिजे.

ही अट मुंबईत वाचणं वेगळं आणि एप्रिलमध्ये मराठवाड्यात वाचणं वेगळं. पापड-कुरडयांचा हंगाम नेमका उन्हाचा. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, मध्ये टँकर, टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते देव जाणे. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं, म्हणजे पाणी किती लागतं बघा. आम्ही केलेली सोय अशी: कामाचं पाणी वेगळ्या झाकणाच्या टाकीत, तिच्यात ठरल्या मापानं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध), अर्धा तास थांबून मगच वापर. हाताचा तांब्या त्या टाकीत बुडवायचा नाही, तोटी लावून घेतली. शिवाय वर्षातून एकदा, टँकरचे दिवस सुरू झाले की, पाणी तपासून घ्यायचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 आहे, तपासणीचा अहवाल त्याच्याशी ताडून मिळतो. तो कागद नोंदणीच्या प्रमाणपत्राशेजारी लावला की विचारणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

आता लेबल. आत्याबाईंची चिठ्ठी इथंच कमी पडली होती आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून जरा बैठक मारून सांगते.

पाकीटबंद पदार्थाला दोन खात्यांचे नियम लागू होतात. एक एफएसएसएआयचे 2020 चे लेबलिंगचे नियम, दुसरे वजनमापाचे 2011 चे पाकीटबंद वस्तूंचे नियम. दोघांचं मिळून आत्याबाईंचं लेबल आम्ही असं केलं. वर पदार्थाचं नाव. नुसतं ‘येसर’ लिहिलं तर मराठवाड्याबाहेरच्या माणसाला काय कळणार? म्हणून खाली एक ओळ: आमटीसाठी भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड. मग घटक, आणि हे वजनाच्या उतरत्या क्रमानं: सगळ्यात जास्त जे पडतं ते पहिलं. आत्याबाईंनी मसाल्यांची नावं आधी सांगितली, कारण त्यांच्या मते खरं येसर मसाल्यात असतं. पण वजन केलं तर गहू पहिला आला, हरभरा डाळ दुसरी. त्याखाली ‘यात गहू आहे’ ही ओळ वेगळी. गव्हातलं ग्लूटेन, शेंगदाणा, सुकामेवा, दूध, सोयाबीन, अंडी, मासे यांची काहींना जिवावर बेतणारी ॲलर्जी असते, म्हणून ते वेगळं ठळक सांगावं लागतं.

मग हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, शाकाहारी. मांसाहारी असेल तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. पूर्वी तिथंही गोल असायचा, जुना नमुना बघून छापू नका. एफएसएसएआयचं चिन्ह आणि 14 आकडी क्रमांक. बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. निव्वळ वजन. सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि ग्रॅममागे पडणारी किंमत. बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि वापरण्याची शेवटची तारीख. ‘बेस्ट बिफोर 3 महिने’ एवढंच लिहायची सवय जुनी आहे. 2020 च्या नियमांत शेवटची तारीख लिहिणं सक्तीचं झालं, बेस्ट बिफोर लिहायचं तर जोडीला लिहावं. कसं ठेवायचं तेही एक ओळ: कोरड्या जागी, चमचा कोरडा.

शंभर ग्रॅममागे उष्मांक, प्रथिनं, स्निग्धांश, साखर, सोडियम अशा पोषणमूल्यांचा तक्ता हे घरच्या घरी जमणारं काम नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथं जाऊन आपली कृती ग्रॅममध्ये मांडा आणि मदत मागा. मूठ आणि चिमूट सांगून चालत नाही, हे आत्याबाईंना पटायला दोन दिवस लागले. मग त्यांची मूठ आम्ही तीनदा काट्यावर मोजली. तिन्ही वेळा एकोणतीस-तीस ग्रॅमच भरली.

भाषेबद्दल फार कमी जणींना माहीत असतं. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी जोडीला हवं तेवढं लिहा, पण नुसतं मराठी लेबल नियमात बसत नाही. मला हे वाचून वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मराठीत ठळक आणि खाली लहान अक्षरात हिंदी किंवा इंग्रजी, असं केलं की दोन्ही साधतं.

लेबलवर काय लिहू नये, हेही सांगते. जवसाच्या चटणीवर ‘हृदयरोगावर गुणकारी’, कारळाच्या चटणीवर ‘सांधेदुखी जाते’, मेथीच्या लाडवावर ‘शुगर कमी होते’ असं छापायचा मोह होतो, कारण आपल्याकडे तसं बोललं जातं. खाद्यपदार्थानं रोग बरा होतो असा दावा करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम 53 मध्ये 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेला मजकूरही जाहिरातच. जवसाची चटणी चवीवर विकली जाते, तिला औषध करायची गरज नाही. तसंच ‘मराठवाडा केसर’ या आंब्याच्या नावाचं. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि अशा मानांकनाची नावं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्यांनी वापरायची असतात. साधं ‘केसर आंब्याचं लोणचं’ लिहा.

दळलेला मसाला आणि तिखट सुटं विकता येत नाही, पाकीटबंदच विकावं लागतं. आठवडी बाजारात पाटीत तिखट मांडून मापानं देणं, हे त्यात बसत नाही. यामागं भेसळीची भीती आहे. मिरची पुडीत वेगळा रंग अजिबात चालत नाही, एक चिमूटही नाही. तुम्ही घालणार नाही हे मला ठाऊक आहे, पण डंकावर तुमच्याआधी कुणाचं काय कुटलं गेलं? म्हणून आम्ही सकाळचा पहिला नंबर लावतो आणि तरीही आपल्याच मिरचीचा पहिला किलोभर घाणा वेगळा काढून घरी वापरतो.

वर्तमानपत्राचा कागद बंद. चकली, शेव, धपाटे कशालाच नाही. 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमांनी ते मना केलंय, कारण छपाईची शाई तेलात उतरते. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवलेली आहे, पण ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं. तेल काळपट झालं, फेसाळलं, लवकर धूर सोडायला लागलं की ते संपलं.

काट्याचं थोडक्यात: ऑनलाइन मिळणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीसाठी चालत नाही. वैधमापनचा, म्हणजे वजनमापाच्या सरकारी खात्याचा, शिक्का असलेला हवा, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी. माल पाकीटबंद करून विकणाऱ्यानं वैधमापनकडे वेगळी नोंदणीही काम सुरू केल्यापासून 90 दिवसांत करायची असते. गॅसचंही तेच: लाल 14.2 किलोची टाकी घरच्या स्वयंपाकासाठी आहे, विक्रीच्या कामाला 19 किलोची व्यावसायिक टाकी. ही गोष्ट महाग पडते, पण अपघात झाला तर विम्याचा प्रश्न नेमका इथं अडतो. जीएसटी माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांपर्यंत लागत नाही. डबा देणं ही सेवा धरली जाते, तिथं 20 लाख.

आता शेवटची तारीख कशी ठरवायची? हे कुठल्याही कार्यालयात छापून मिळत नाही, ती बनवणाऱ्यानंच ठरवायची असते. त्यासाठी पदार्थ नासतो कशानं, हे समजून घेतलं पाहिजे. मुख्य कारण पाणी. बुरशीला, जंतूंना वाढायला ओल लागते. कडक वाळलेली कुरडई वर्षभर टिकते, कारण तिच्यात ओल उरत नाही. मीठ, साखर, तेल, आंबटपणा हे ओल बांधून ठेवतात किंवा जंतूंना नको ती हवा करतात, म्हणून लोणचं टिकतं. पण फोड तेलाच्या वर आली की तिथं बुरशी बसलीच. ओल्या नारळाची वडी दोन दिवसांची, सुक्या खोबऱ्याची चटणी महिन्यांची. आणि तेलकट पदार्थ ओल नसतानाही खवट होतो, हवेनं आणि उजेडानं. म्हणून शेंगदाण्याच्या चटणीची तारीख पापडापेक्षा कमी ठेवावी लागते. आम्ही काय करतो? प्रत्येक घाण्यातली एक बाटली काढून फळीवर ठेवतो, अगदी गिऱ्हाईकाच्या घरात राहील तशी, फ्रिजमध्ये नाही. दर पंधरा दिवसांनी उघडून वास, चव, रंग बघायचा आणि वहीत लिहायचं. अडीच महिन्यांनी चटणीला किंचित वास आला, तर तारीख दीड महिन्याची छापायची.

शेंगदाण्यावर आणखी लिहायलाच हवं. दमट दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, ते यकृताला घातक असतं. भाजल्यानं बुरशी मरते, पण ते विष पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा निवडून फेकणं हाच उपाय. भगरीचंही तसंच. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यानं कितीदा वाचल्यात. जुनी, ओल लागलेली भगर, तिचं आधीच दळून ठेवलेलं पीठ, हे विकायचंच नाही. उपवासाची थालीपिठाची भाजणी करणाऱ्यांनी भगर घरी आणून, निवडून, धुऊन, वाळवून त्याच आठवड्यात दळावी. हा नियम कुणी लिहून दिलेला नाही. मी मात्र गटात तो सक्तीचा केलाय.

अन्न सुरक्षा अधिकारी घरी आले तर? घाबरून दार लावू नका. ते ओळखपत्र दाखवतील, जागा बघतील. नमुना घेतला तर त्याची किंमत देतात आणि तो चार भागांत वाटून सील करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, आणि तुम्ही मागणी केलीत तर एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडेही पाठवतात. ही मागणी तिथल्या तिथं लेखी करा. विश्लेषकाचा अहवाल साधारण 14 दिवसांत येतो, तो मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. जागेत त्रुटी दिसल्या तर आधी सुधारणा नोटीस येते आणि तिच्यात किमान 14 दिवसांची मुदत असते. दंडाचे आकडे मोठे आहेत: लेबल चुकलं तर कलम 52 मध्ये 3 लाखांपर्यंत, अस्वच्छ जागेत बनवलं तर कलम 56 मध्ये 1 लाखापर्यंत. हे कमाल आकडे आहेत. किती लावायचा हे ठरवताना चूक किती वेळा झाली, नकळत झाली का, त्यातून किती कमावलं, हे बघावं असं कायदाच सांगतो. म्हणून वही महत्त्वाची. कुठल्या दुकानातून दाणे आणले, कधी भाजले, किती पाकिटं, कुणाला दिली, एवढं लिहिलेलं असेल तर बोलायला आधार असतो.

पैशाच्या मदतीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: 2020 मध्ये केंद्रानं सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तिच्यात प्रकल्पाच्या पात्र खर्चावर 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सदस्यामागे 40 हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद होती. अर्ज घेणं चालू आहे का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. गट उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा असेल तर तालुक्याच्या समन्वयकांना. पण योजनेसाठी थांबून राहू नका, पहिल्या वर्षी पापडाचं यंत्र लागत नाही, लेबल लागतं.

आत्याबाईंची नोंदणी झाली. दिवाळीच्या आधी त्यांचं येसर आणि शेंगदाण्याची चटणी त्याच दुकानाच्या फळीवर लागली. कार्तिकात त्यांच्या मोबाईलवर पुण्याहून एका बाईंचा फोन आला. चटणी कडवट लागतेय म्हणाल्या. आत्याबाई क्षणभर गप्प झाल्या, मग त्यांनी विचारलं, “पाकिटावर नंबर काय आहे ताई?” सतरा. मी वही उघडली. बॅच सतरा, बावीस पाकिटं, दाणे नव्या दुकानातून. आत्याबाईंनी फळीवरून सतराची बाटली काढली, झाकण उघडलं, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लगेच मोरीत थुंकली. “खरं बोलतेय ती. दाणा जुना होता.”

त्या बाईंचे पैसे त्याच वेळी परत पाठवले. दुकानात बॅच सतराची नऊ पाकिटं शिल्लक होती, ती मी संध्याकाळी जाऊन उचलून आणली. उरलेली कुणाकुणाकडे गेली ते वहीत होतं. आत्याबाईंनी चष्मा लावला, एकेक नंबर मला वाचायला लावला आणि प्रत्येकीला स्वतः फोन केला.